ताक, टाक आणि दोन ‘च’: स्वनिम-स्वनांतरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात संध्याकाळी भरणाऱ्या आमच्या बोलक्या मराठीच्या वर्गात बँकेत, इस्पितळात, सोसायटीच्या ऑफिसात काम करणारे अमराठी लोक येतात. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, आपापली नोकरी आणि घर सांभाळून येणारे. उच्चारांचे प्रश्न दोन्हीकडून येतात. शिकणारे विचारतात, ‘हे दोन आवाज तुम्हाला खरंच वेगळे ऐकू येतात?’ आणि शिकवणारे विचारतात, ‘यांना ते वेगळे का ऐकू येत नाहीत?’ दोघांचं उत्तर एकच आहे. कोणते दोन आवाज वेगळे धरायचे आणि कोणते एकच मानायचे, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते, आणि त्या भाषेत वाढलेला कान तो निवाडा मुकाट पाळतो. खालची उत्तरं नव्या स्वयंसेवकांना डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. उदाहरणं मोठ्याने म्हणून बघा. मनातल्या मनात वाचून यातलं निम्मंही हाती लागणार नाही.

स्वनिम म्हणजे काय? आणि स्वनांतर?

‘ताक’ आणि ‘टाक’ हे दोन शब्द घ्या. बाकी सगळं तेच, फक्त पहिलं व्यंजन बदललं आणि अर्थ पार वेगळा झाला. म्हणून त आणि ट हे मराठीचे दोन स्वतंत्र स्वनिम आहेत. ज्या आवाजाच्या अदलाबदलीने शब्द बदलतो, तो स्वनिम.

आता ‘डबा’ आणि ‘वडा’ म्हणा. ‘डबा’ म्हणताना जीभ टाळूला टेकते आणि क्षणभर थांबते. ‘वडा’ म्हणताना ती थांबत नाही, टाळूला निसटता फटका मारून पुढे येते. आवाज दोन झाले, तरी आपल्याला ऐकू येतो तो एकच ड, कारण या दोन उच्चारांच्या फरकावर मराठीतल्या एकाही शब्दाचा अर्थ टांगलेला नाही. एकाच स्वनिमाची अशी जी वेगवेगळी उच्चाररूपं, ती त्याची स्वनांतरं.

याच ‘वडा’तल्या उच्चाराला हिंदीत ड़ असं वेगळं, टिंब दिलेलं अक्षर आहे. हिंदीतही पूर्वी वाटणी सरळ होती: शब्दाच्या सुरुवातीला ड, दोन स्वरांच्या मध्ये आणि शब्दाच्या शेवटी ड़. ‘सोडा’, ‘रोड’ असे इंग्रजी शब्द आले आणि ती वाटणी ढिली पडली. भाषेत नव्या शब्दांचा शिरकाव झाला की स्वनांतरांचे स्वनिम होऊ शकतात. मराठीत याचं फार मोठं उदाहरण आहे, ते पुढे ‘च’च्या प्रश्नात येईल.

दोन आवाज एकाच स्वनिमाचे आहेत की नाहीत, हे तपासायचं कसं?

सगळ्यात आधी लघुतम जोडी शोधायची, म्हणजे एकाच जागच्या एकाच आवाजाने वेगळे झालेले दोन शब्द. पळ–फळ, गर–घर, साठ–साथ, सन–सण, वेल–वेळ, साल–शाल. जोडी सापडली की प्रश्न मिटला, ते दोन स्वनिम.

जोडी सापडत नसेल तर दोन्ही आवाज कुठे कुठे येतात त्याची यादी करायची. एक आवाज जिथे येतो तिथे दुसरा कधीच येत नाही, अशी काटेकोर वाटणी दिसली तर ती बहुधा स्वनांतरं असतात. भाषाविज्ञानात याला पूरक वितरण म्हणतात. ‘बहुधा’ म्हटलं, कारण वाटणीबरोबर आवाजांत साम्यही लागतं. इंग्रजीत ‘हॅट’मधला ह अक्षरगटाच्या, म्हणजे एका दमात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, सुरुवातीलाच येतो आणि ‘सिंग’च्या शेवटचा ङ् सुरुवातीला कधीच येत नाही. वाटणी अगदी चोख आहे, तरी ते दोन एकाच स्वनिमाचे असं कुणी म्हणत नाही. त्यांच्यात काही सारखंच नाही.

कधी कधी दोन उच्चार एकाच जागी, एकाच शब्दात, कसेही येतात आणि अर्थाला धक्का लागत नाही. हल्ली ‘फळ’ हा शब्द कुणी ओठ पूर्ण मिटून, श्वासाचा झोत सोडून म्हणतं, तर कुणी ‘फॅन’मधल्यासारखा खालचा ओठ वरच्या दातांना लावून. दोघांनाही बाजारात तेच मिळतं. याला मुक्त परिवर्तन म्हणतात.

इंग्रजीत ‘प’ आणि ‘फ’ एकच आहेत असं ऐकलं. हे कसं शक्य आहे?

टीएमटीच्या, म्हणजे ठाणे पालिकेच्या, बसचं पातळ तिकीट घ्या, एका टोकाला धरून ओठांसमोर लोंबतं ठेवा. ‘पळ’ म्हणा: कागद जवळजवळ हलत नाही. ‘फळ’ म्हणा, ओठ मिटून: कागद उडतो. हा श्वासाचा झोत म्हणजे महाप्राण, आणि मराठीत त्याच्यावर शेकडो शब्द उभे आहेत. पूल आणि फूल, कार आणि खार, बार आणि भार.

इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा माणसाला तोच कागद देऊन ‘पिन’ म्हणायला सांगितलं तर कागद उडतो. ‘स्पिन’ म्हणायला सांगितलं तर हलत नाही. म्हणजे दोन्ही आवाज त्याच्या तोंडात आहेत. पण कुठला कधी यायचा हे जागेवरून ठरलेलं आहे: शब्दाच्या सुरुवातीला झोतासकट, स च्या मागोमाग झोताशिवाय. दोघांच्या फरकाने शब्द बदलत नाही, म्हणून त्याच्या लेखी तो एकच आवाज. वर्गात परदेशी माणूस आला आणि तुम्ही त्याला ‘पूल’ म्हणून दाखवलात, तर त्याला ते ‘बूल’सारखं ऐकू येण्याची शक्यता बरीच असते, त्याच्या सवयीत सुरुवातीच्या प ला झोत असतोच.

थाई भाषा या बाबतीत आपल्या जवळची. तिच्यात एकाच खालच्या सुरात ‘पा’ म्हणजे जंगल, ‘फा’ म्हणजे चिरणं आणि ‘बा’ म्हणजे खांदा. आपण ही तिन्ही व्यंजनं पहिल्या दिवशी बरोबर म्हणू. सुरांशी मात्र झगडू, कारण थाईत सूर बदलला तरी शब्द बदलतो आणि मराठीत सुराने फक्त आश्चर्य किंवा राग कळतो.

मराठीत ‘च’ एक आहे की दोन?

या प्रश्नावर वर्गात सर्वांत जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा, कारण स्वनांतरांचे स्वनिम कसे होतात हे इतक्या उघडपणे दाखवणारं उदाहरण हाताशी दुसरं नाही.

जिभेकडे लक्ष ठेवून ‘माझा, माझी, माझे, माझं’ म्हणा. ‘माझा’ आणि ‘माझं’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे जातं. हा दंततालव्य झ. ‘माझी’ आणि ‘माझे’ म्हणताना जिभेचा पसरट भाग टाळूला लागतो. हा तालव्य झ. हेच ‘त्याचा–त्याची’ म्हणताना घडतं. ‘दरवाजा’ उघडला तर दंततालव्य ज, ‘दरवाजे’ उघडले तर तालव्य. ‘चमचा’तला शेवटचा च आणि ‘चमचे’तला शेवटचा च यांचंही तेच. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. पुढे इ, ई, ए किंवा य आला की तालव्य, आणि अ, आ, उ, ओ आला की दंततालव्य, असा नियम आपण बोलायला लागल्यापासून पाळत आलो आहोत.

गोष्ट इथेच संपली असती तर उत्तर सरळ होतं: वाटणी चोख, म्हणून स्वनांतरं. आता हे दोन तुकडे म्हणा: ‘चार गुरं’ आणि ‘गुरं चार’. पहिल्यात आकडा आहे, दुसऱ्यात आज्ञा. आकड्यातला च तालव्य, चारण्यातला दंततालव्य. दोन्ही ठिकाणी पुढे आ च आहे, नियमाप्रमाणे दोन्हीकडे दंततालव्य यायला हवा होता. तसंच ‘चल, उशीर झाला’ आणि बीजगणितातलं ‘चल’: पहिला च दंततालव्य, दुसरा तालव्य. ‘जरा थांब’ म्हणताना ‘जरा’ दंततालव्य, म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ तालव्य. ‘राजा’ आणि ‘दरवाजा’ एकापाठोपाठ म्हणून बघा, शेवटचा ‘जा’ एकसारखा येत नाही. लघुतम जोड्या मिळाल्या, म्हणजे आजच्या मराठीत हे दोन स्वनिम आहेत.

हे झालं कसं? संस्कृतातले चंद्र, चरण, जन्म, जल असे शब्द मराठीने जसेच्या तसे घेतले, तेव्हा त्यांचा तालव्य उच्चारही सोबत आला. पुढे अ असूनही च तालव्य राहिला. ‘चहा’ही तसाच. फारसीमार्गे आलेले बाजार, जोर, जमीन दंततालव्य बाजूला जाऊन बसले. आकड्यातल्या चार ची हकिगत थोडी वेगळी आहे. जुन्या लिखाणात तो ‘च्यार’ असाही सापडतो. त्या य मुळे च तालव्य होता. पुढे य झिजून गेला आणि तालव्यपणा मागे उरला. अशा वाटांनी जुनी वाटणी मोडली आणि एकाचे दोन झाले.

छ ला मात्र मराठीत दंततालव्य जोडीदार नाही.

अगदी असाच प्रकार जपानीत चालू आहे. जपानी बाराखडीतली त ची ओळ ‘ता, ची, त्सु, ते, तो’ अशी म्हणतात. आपल्या कानाला ती तीन व्यंजनं, जपानी माणसाला एकाच व्यंजनाची जागेप्रमाणे बदलणारी रूपं. ‘त्सुनामी’चा पहिला आवाज म्हणजे आपल्या ‘चूल’मधला च, म्हणून मराठी माणसाला तो सहज जमतो. पण ‘पार्टी’सारखे इंग्रजी शब्द जपानीत शिरले, तिथे ‘टी’ची ‘ची’ न करता ‘ती’ म्हणायची सवय लागली, आणि ती ओळ आता पूर्वीसारखी बंदिस्त राहिलेली नाही.

शिकवताना अडचण ही की दोन्ही च एकाच अक्षराने लिहितात. आम्ही फळ्यावर दंततालव्य अक्षराखाली टिंब देतो. छापील मजकुरात ते नसतं, त्यामुळे नवा शब्द शिकवताना एकदा मोठ्याने म्हणून दाखवणं चुकवू नका.

म्हणजे ‘मराठी जशी बोलतो तशीच लिहितो’ हे खरं नाही?

पूर्ण खरं नाही. आपली वर्णमाला संस्कृतासाठी बसवलेली आहे आणि अतिशय शास्त्रशुद्ध आहे, पण संस्कृताचे स्वनिम आणि आजच्या मराठीचे स्वनिम तेच नाहीत. श आणि ष लिहायला वेगळे, बोलण्यात बहुतेकांचे एकच. दोन च वेगळे, लिहायला एक. ङ आणि ञ ला स्वतंत्र घरं दिलेली आहेत, पण मराठीत त्यांच्यामुळे कधी शब्द बदलत नाही. ते पुढच्या व्यंजनाच्या ओढीने न चं जे रूप होतं तेवढेच आहेत.

अनुस्वार याच कारणाने आपल्याला पुरतो. लोकलच्या पाट्या वाचा: मुंब्रा, खांदेश्वर, वांगणी. टिंब एकच. मुंब्र्यात ओठ मिटतात आणि म् येतो, खांदेश्वरात जीभ दातांना लागून न् येतो, वांगणीत आवाज घशाजवळून ङ् सारखा येतो. तीन उच्चार, पण कुठला येणार हे पुढच्या अक्षरावरून ठरलेलंच आहे, मग तीन खुणा कशाला? इंग्रजीत असं टिंब चाललं नसतं. तिथे ‘सिन’ आणि ‘सिंग’ हे वेगळे शब्द आहेत, आणि ‘सिंग’च्या शेवटी मराठी माणूस जो ग् स्पष्ट म्हणतो तो बऱ्याच इंग्रजी भाषकांच्या तोंडी नसतोच.

मुलांचं ऱ्हस्व-दीर्घ सारखं का चुकतं? त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे, आणि पालकांनी हे समजून घ्यावं असं मनापासून वाटतं.

मराठी बोलण्यात इ-उ किती लांबवायचे हे बहुतांशी शब्दातल्या जागेवरून ठरतं. शब्दाच्या शेवटी ते लांब होतात, म्हणून आपण ‘कवी’, ‘मती’ असं दीर्घ लिहितो, संस्कृतात ते ऱ्हस्व असले तरी. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इ-उ लांब होतो: फूल, बहीण, विहीर. प्रत्यय लागून जागा बदलली की आखडतो: फुलाला, बहिणीला, विहिरीत. म्हणजे ही स्वनांतरांचीच वाटणी आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये राज्य सरकारने मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांचा मोठा भाग ही वाटणीच कागदावर मांडतो.

दिन–दीन, सुत–सूत, शिर–शीर अशा जोड्या आहेत, पण त्यांतले पहिले शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, आणि रोजच्या बोलण्यात बहुतेक जण दोन्ही सारखेच म्हणतात. जो फरक कानाला अर्थ म्हणून भेटत नाही, तो मुलाने लिहिताना आठवणीने पाळायचा असतो. म्हणून तो चुकतो. मुलाला ‘नीट ऐक’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, ऐकण्यासारखं तिथे फारसं नाही. ‘फूल–फुलाला’ अशी रूपं शेजारी शेजारी ठेवून नियम दाखवा, तो लवकर बसतो.

अमराठी लोक ‘कळवा’ला ‘कलवा’ आणि ‘ठाणे’ला ‘थाने’ का म्हणतात?

दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि शिकवणाऱ्याने ती वेगळी ओळखली पाहिजेत.

हिंदीत ठ आणि थ हे दोन वेगळे स्वनिम आहेतच. हिंदी भाषक ‘थाने’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तो इंग्रजी स्पेलिंग वाचत असतो. एकदा देवनागरीत ‘ठाणे’ लिहून दाखवलं की ठ लगेच सुधारतो. ण ला थोडा वेळ लागतो, कारण हिंदीत तो मुख्यतः संस्कृत शब्दांत येतो आणि बोलण्यात पुष्कळदा न कडे झुकतो.

‘कलवा’ हा खरा स्वनिमांचा प्रश्न आहे. प्रमाण हिंदीत ळ नाही. ज्याच्या भाषेत ल एकटाच आहे, त्याचा कान ळ ला ल च्याच खात्यात टाकतो. आमच्याकडे यासाठी ‘तलावपाळी’ हा शब्द फार उपयोगी पडतो, कारण ठाण्यात राहणाऱ्याला मासुंदा तलावाचा काठ टाळता येत नाही आणि शब्दात आधी ल, मग ळ येतो. शिकणारा म्हणतो ‘तलावपाली’. मग आम्ही पाली भिंतीवर असतात आणि पाळी तलावाला असते एवढं सांगतो. अर्थ बदलतो हे कळलं की कान पहिल्यांदा सावध होतो. नेरूळ, टिटवाळा, बाळकुम ही नावं त्यानंतर घ्यावीत. गुजराती, कन्नड, तमिळ, मल्याळम घरांतून आलेल्यांना ळ शिकवावा लागत नाही, तो त्यांच्याकडे आहे.

आपले कानही असेच बंद असतात का?

हो, आणि हे शिकवणाऱ्याने स्वतःवर करून बघावं.

इंग्रजीत ‘वेस्ट’ म्हणजे बंडी आणि ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम. पहिल्यात खालचा ओठ दातांना घासतो, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. दोन स्वनिम. मराठीत ‘विहीर’ म्हणताना ओठ दातांजवळ जातो, ‘स्वर’ म्हणताना ओठ गोल होतात, पण आपल्याला दोन्ही व च. देवनागरीत हे दोन इंग्रजी शब्द लिहितानासुद्धा मला वेगळं अक्षर मिळालं नाही, यातच सगळं आलं.

नवी मुंबईत मल्याळी शेजारी असतील तर त्यांना ‘कोळसा, काजळी’ आणि ‘जेवणातली करी’ हे दोन शब्द म्हणायला सांगा. आपल्या कानाला दोन्ही ‘करी’. मल्याळममध्ये त्यात दोन वेगळे र आहेत, आणि त्यांच्या घरातलं लहान मूल ते बिनचूक म्हणतं. स्पॅनिशमध्येही असेच दोन र: एकदा जीभ आपटून ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, थरथरवून ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा.

आणखी जवळचं उदाहरण उल्हासनगरचं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधीत आपल्यासारखे ग, ज, ड, ब तर आहेतच, शिवाय हवा आत ओढून म्हणायचे आणखी चार आहेत. देवनागरीत सिंधी लिहिताना त्यांना ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी वेगळी अक्षरं दिलेली आहेत. सिंधी शेजाऱ्यांसोबत अख्खं आयुष्य काढूनही बहुतेक मराठी कानांना ते कधी वेगळे जाणवत नाहीत.

तमिळमध्ये ‘प’ आणि ‘ब’ला एकच अक्षर कसं पुरतं?

अनुस्वार आपल्याला पुरतो तसंच. मूळ तमिळ शब्दांत सुरुवातीला प, म् नंतर ब. सापाला तमिळमध्ये ‘पाम्बु’ म्हणतात आणि त्यातले प आणि ब एकाच अक्षराने लिहितात. दोन स्वरांच्या मध्ये तोच आवाज आणखी मऊ होतो. ‘बस’सारखे बाहेरचे शब्द आले तेव्हा सुरुवातीलाही ब आला, आणि तो कुठे म्हणायचा हे आता शब्द माहीत असल्याशिवाय कळत नाही. म्हणून वाशीतला तमिळ सहकारी ‘बाबा’ आणि ‘पापा’ यांत अडखळला, तर त्याला दोन्ही आवाज येत नाहीत असं समजू नका. आवाज येतात, जागा बदलल्या आहेत.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात असाच अनुभव नोंदवला आहे. दक्षिण पायूट या अमेरिकेतल्या आदिवासी भाषेचे भाषक टोनी टिलोहाश यांना त्यांनी लिपी शिकवली. स्वरांच्या मधला आवाज सपीर यांच्या कानाला व सारखा ऐकू येत होता. टिलोहाश यांनी तो प लिहिला. त्यांच्या भाषेत तो प च होता. बोलणाऱ्याच्या मनात स्वनिम असतो, हे सपीर यांनी त्यावरून दाखवलं.

जपानी आणि कोरियन लोकांना र आणि ल का जमत नाहीत?

जपानीत या जागी एकच स्वनिम आहे. कोरियनमध्ये दोन्ही उच्चार आहेत, पण वाटून दिलेले: अक्षरगटाच्या शेवटी ल, दोन स्वरांच्या मध्ये र. घोड्याला कोरियनमध्ये ‘मल’ म्हणतात आणि त्याला ‘इ’ हा प्रत्यय लागला की ‘मरि’ होतं. शब्द तोच, अक्षर तेच.

लहान बाळांना हे सगळे आवाज वेगळे कळतात का?

कळतात. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले दंत्य (जीभ दातांना लागणारा) त आणि मूर्धन्य (जीभ वळून टाळूला लागणारा) ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांचा तो विरला, कारण इंग्रजीत त्या फरकाला काही काम नाही. ‘ताक–टाक’ तोडता न येणाऱ्या मोठ्या माणसाचा कान मुळात अधू नव्हता. त्याच्या भाषेने तो वेगळ्या कामाला लावला.

आगरी-कोळी लोक ‘पानी’, ‘घोरा’ म्हणतात. ते अशुद्ध आहे का?

नाही. करावे, दिवाळे, घणसोली, चेंदणी कोळीवाडा अशा जुन्या वस्त्यांमधली बोली ठाणे आणि नवी मुंबईच्या टॉवरांच्या आधीपासून इथे आहे. तिच्यात ण च्या जागी न, ळ च्या जागी ल आणि स्वरांच्या मधल्या ड च्या जागी र येतो. पाणी–पानी, डोळा–डोला, घोडा–घोरा. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मधल्या मराठीच्या सातव्या खंडात उत्तर कोकणातल्या बोलींच्या अशा लकबी नोंदलेल्या आहेत.

यात नियम आहे, आणि नियम पाळला जातो. ‘घोरा’ म्हणणारा माणूस ‘डबा’ला ‘रबा’ म्हणत नाही. वर ‘वडा’मधला जो निसटता ड सांगितला, तोच इथे एक पाऊल पुढे जाऊन र ला मिळाला आहे. प्रमाण मराठीने श आणि ष एक केले, तेव्हा कुणी तिला अशुद्ध म्हटलं नाही. बोलीत ण आणि न एक झाले तर तोच न्याय लागू व्हायला हवा. शाळेत प्रमाण लेखन शिकवावंच, पण मुलाच्या घरच्या बोलीला हसून नाही. ‘तुझ्या घरी एक न आहे, पुस्तकात दोन आहेत’ असं सांगितलं की मुलाला काय शिकायचं ते नेमकं कळतं आणि मान खाली घालावी लागत नाही. हसणाऱ्या स्वयंसेवकाला आम्ही वर्ग देत नाही.

ही कल्पना मुळात कुणाची?

एकाची नाही. पाणिनीच्या व्याकरणात ‘सवर्ण’ ही संज्ञा आहे. तोंडातली जागा आणि प्रयत्न सारखे असलेले वर्ण तिच्याखाली एकत्र धरले जातात. आजच्या अर्थाने स्वनिमाचा विचार रशियातल्या कझानमध्ये बोदुएं द कुर्तने आणि क्रुशेव्स्की यांनी १८७० नंतर मांडायला सुरुवात केली, आणि प्राग संप्रदायातल्या अभ्यासकांनी, विशेषतः निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांनी, १९३० च्या दशकात त्याला पक्की चौकट दिली.

मोठेपणी नवा स्वनिम शिकता येतो का? कसा शिकवावा?

येतो, पण आधी कान, मग जीभ. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी जपानी भाषकांना इंग्रजी र–ल च्या जोड्या अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ऐकवून सराव दिला, आणि त्यांचं ओळखणं सुधारलं. यातला ‘अनेक आवाज’ हा भाग महत्त्वाचा. एकाच शिक्षिकेचा ळ ऐकून शिकलेला माणूस तिचाच ळ ओळखतो, रिक्षावाल्याचा नाही.

म्हणून आम्ही असं करतो. घरातल्या, शेजारच्या जितक्या जणांकडून जमेल तितक्यांकडून मोबाइलवर वेल–वेळ, काल–काळ, गाल–गाळ, माल–माळ या जोड्या म्हणवून घ्या, आजीपासून नातवापर्यंत. शिकणाऱ्याने काही बोलायचं नाही, वहीत लिहिलेल्या दोन शब्दांपैकी ऐकू आलेल्या शब्दावर बोट ठेवायचं. चुकलं तर लगेच बरोबर शब्दावर बोट ठेवून तोच आवाज पुन्हा ऐकवा. बोट बरोबर जागी पडायला लागलं की मग बोलायला लावा: ट म्हणण्यासाठी जीभ वळते तितकी वळवून टाळूला लावा, कडेने हवा जाऊ द्या आणि जीभ झटकन पुढे सोडा. सुरुवात ‘बाळ’, ‘काळा’ अशा शब्दांनी करा. ळ मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, त्यामुळे तसा सराव करून घेण्याची गरज नाही.